हिरव्या पानांचा पूल

एका जंगलात, बाळांनो, नदीवर एक सार्वजनिक पूल होता. सार्वजनिक म्हणजे काय? तर फळी कोणीही आणावी, मजुरी कोणी मागू नये आणि ज्याने जन्मात एक फळी आणली नाही त्याने रोज तक्रार करावी.

पुलाची सगळी देखभाल कृष्णाक्का साळिंदर करी. का करी, ते तिलाही आठवत नव्हतं.

नवी फळी आली की ती आधी दौलतराव हत्तीकडे जाई. तपासणीचा नियम दगडावर कोरलेला होता. फळी दोन दगडांवर ठेवावी, वर चढावं, तीनदा पाय आपटावा. टिकली तर हिरवं पान बांधावं, मोडली तर लाल.

दौलतराव दुपारी झोपत. उठले की केळी खात. मग निवांत फळ्या मोडत. मुकुंदा सशाच्या चार फळ्या त्यांनी ओळीने मोडल्या आणि आत वाळवी आहे असं सांगितलं. सशाने वाळवीचं मनावर घेतलं नाही. लाल पानाचं मात्र फार घेतलं.

तो पलीकडच्या तळ्यावरून शुभ्रकांत बगळ्याला घेऊन आला. बगळा हसतमुख होता, झोपत नव्हता आणि शंभर फळ्या न्याहारीपूर्वी तपासतो म्हणाला. सभेने टाळ्या वाजवल्या आणि दौलतरावांना काढून टाकलं. कृष्णाक्काने दगडावरचा नियम त्याला वाचून दाखवला, एक काना-मात्रा न सोडता. चढणारा हत्ती असावा, हे दगडावर नव्हतंच. नियम कोरला तेव्हा दुसरं होतं कोण?

बगळा फळीवर चढला. तीनदा पाय आपटला. हिरवं पान. दुसरी फळी, हिरवं पान. सशाच्या अकराच्या अकरा फळ्या पास झाल्या आणि काठालगतच्या जुन्या फळ्या काढून त्या लागल्याही.

इतकं हिरवं कृष्णाक्काने कधी पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटलं. मग बगळ्याचे काडीसारखे पाय दिसले. विचारावं असं तिला वाटलं, पण विचारलं तर पुन्हा लाल पानं, पुन्हा रुसलेला ससा, पुन्हा सभा. तिने फळ्यांच्या वेली तेवढ्या घट्ट बांधल्या.

चार दिवसांनी पलीकडचे फणस पिकले. सगळं जंगल काठावर जमलं. रांगेत सर्वांत पुढे होती कृष्णाक्काची दोन पिल्लं. खाली नदी खोल होती आणि साळिंदराच्या पिल्लांना पोहता कुठलं येतं?

तिच्याने राहवेना. ती हळूच दौलतरावांपाशी गेली.

"दौलतराव, पिल्लांच्या आधी तुम्ही एकदा पाय ठेवता का?"

"मला काढून टाकलंय ना?"

"म्हणून तर हळू विचारतेय."

दौलतराव उठले. त्यांनी पहिल्या फळीवर पाय नुसता टेकवला. फळीचा भुगा झाला. दुसरीचा झाला. अकराव्या फळीपर्यंत ते काठच्या पाण्यातून चालत गेले आणि मागे फक्त वेली लोंबत राहिल्या. कृष्णाक्काने पिल्लांना पोटाशी ओढलं.

तिथेच सभा भरली. मुकुंदा ससा म्हणाला, चार दिवस पूल उत्तम होता, हत्तीने पाय लावला आणि मोडला. हे सर्वांना पटलं. हत्तींना पुलाजवळ कायमची बंदी झाली. ठराव कोरायला दगड कृष्णाक्काच्या हाती दिला, कारण देखभाल तिच्याकडे होती. तिने कोरला. उद्या फळ्याही तिलाच लावायच्या होत्या.

शेवटी शुभ्रकांत बगळ्याने पुलाची फेरतपासणी केली. पहिली फळी होती तिथल्या पाण्यात तो उभा राहिला. तीनदा पाय आपटला. काहीच मोडलं नाही. त्याने लोंबत्या वेलीला हिरवं पान बांधलं.

तात्पर्य: परीक्षक नेहमी वजनाने हलका निवडावा. पूल राहिला नाही तरी निकाल शाबूत राहतो. आणि आपली पिल्लं पलीकडे पाठवायची असतील, तर हत्तीला गुपचूप विचारावं, सभेत मात्र त्याच्याविरुद्ध हात वर करावा.