साळवीकाकांची चालू फाइल

साळवीकाका आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, आणि त्यांना कढीपत्ता हवा असला की ते अर्ज करतात.

अर्ज म्हणजे वापरलेल्या लिफाफ्याचा नीट चौकोनी कापलेला तुकडा. तो आमच्या दाराखालून आत सरकतो. त्यावर निळ्या शाईत लिहिलेलं असतं: 'विषय: कढीपत्ता, एक काडी. पोह्यांचे काम अडून आहे. कृपया मंजुरी द्यावी.' खाली सही, तारीख. आईनं 'मंजूर' लिहून सही केल्याशिवाय काका कढीपत्त्याला हात लावत नाहीत. एकदा आई घाईत होती, तिनं नुसतीच काडी पुढे केली. काका दारात तसेच उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, तोंडी आदेशावर मी आयुष्यात काही उचललेलं नाही."

ते केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. दिल्लीतच आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून मयूर विहारला आमच्या सोसायटीत आले, पण ऑफिस बरोबर घेऊन आले. एखादी गोष्ट पटली की ते 'अ‍ॅज प्रपोज्ड' म्हणतात. टाळायची असली की 'एक्झामिन करू'. आणि फारच बिनसलं तर चिठ्ठीवर दोनच शब्द येतात: 'प्लीज स्पीक.' जे कागदावर लिहिण्यासारखं नाही ते समोर येऊन बोला, असा त्याचा अर्थ, हे मला बाबांनी सांगितलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना लिफ्टवरून तीनदा 'प्लीज स्पीक' आलं होतं. तिसऱ्यांदा ते आठवडाभर मेव्हण्याकडे राहायला गेले.

मी स्वतः लोकांशी बोलणं टाळते. लिफ्टमध्ये कोणी दिसलं तर मी जिन्यानं जाते. त्यामुळे काकांची ही चिठ्ठ्यांची पद्धत मला फार सोयीची होती. 'फोनमध्ये अक्षरे बारीक झाली आहेत. उपाय सुचवावा,' अशी चिठ्ठी आली की मी वर जायचे, अक्षरं मोठी करून द्यायचे, काका 'अ‍ॅज प्रपोज्ड' म्हणायचे आणि मी खाली यायचे. सगळ्या बिल्डिंगमध्ये माझं इतकं कोणाशीच जमत नव्हतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "फाइल चालू ठेवायची." बंद पडलेला मिक्सर कपाटावर होता, त्याची फाइल चालू होती. केबलवाल्याशी भांडण होऊन कित्येक वर्षं झाली, केबलवाल्यानं धंदा बदलला, तरी फाइल चालू होती. मी एकदा विचारलं की बंद का करत नाही. काका म्हणाले, "बंद केली की रेकॉर्ड रूममध्ये जाते. तिथं उंदीर सोडून कोणी विचारत नाही."

म्हणून काकांची बायको, कुसुमकाकू, गेल्या त्यानंतर त्यांनी जे केलं त्याचा आम्हाला जरा धक्काच बसला. दोन वर्षं झाली त्याला. काकांनी महिन्याभरात प्रत्येक ठिकाणचं त्यांचं नाव काढलं. रेशन कार्ड, मतदार यादी, सरकारी दवाखान्याचं कार्ड, पेन्शनचे कागद, दारावरची पाटीसुद्धा. सगळे फॉर्म स्वतः भरले, रांगेत स्वतः उभे राहिले. आई म्हणाली, किती घाई या माणसाला. बाबा म्हणाले, नियमाचा माणूस आहे, असाच असतो.

आणि मग काका रमी खेळायला लागले. फोनवर, पैसे लावून.

रोज दुपारी तीन वाजता, इस्त्रीचा शर्ट घालून, बाल्कनीत. समोर काकूंचा जुना फोन, लोकरीच्या विणलेल्या पिशवीतून काढलेला. डाव अकरा रुपयांचा. काका रोज हरायचे आणि संध्याकाळी बागेत येऊन त्याचा अहवाल द्यायचे. बागेतल्या बाकावर तळमजल्यावरचे चड्ढाजी बसायचे, तेही खेळणारे, पण शंभराच्या टेबलावर. पानिपतचा कोणी एक खेळाडू काकांना नेहमी हरवतो, एवढं सगळ्यांना माहीत झालं होतं. "पानिपतला आपलं दुसरं काय होणार," काका म्हणायचे. हा पानिपतवाला डाव संपला की गुलाबाचं चित्र पाठवायचा. रोज. बाक हसायचा. चड्ढाजी म्हणायचे, "साळवी साब, बंदा सीरियस है. घर पे रिश्ता लेके आएगा." काका न हसता म्हणायचे, "एक्झामिन करेंगे."

आईला मात्र हे अजिबात आवडत नव्हतं. कुसुमताई असत्या तर हे पत्ते चालू दिले असते का, असं ती दर दोन दिवसांनी म्हणायची.

मग सरकारनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. बँकांना सांगितलं, असे पैसे पुढे जाऊ द्यायचे नाहीत. एका दिवसात सगळ्यांची टेबलं उठली. खात्यात आहेत ते पैसे काढून घ्या, नवीन भरता येणार नाहीत, असा निरोप प्रत्येकाच्या फोनवर आला.

चड्ढाजी दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी त्यांना कोणी 'भैया' सापडला. भैया रोज सकाळी फोनवर एक नवा क्यूआर कोड पाठवायचा, त्यावर पैसे टाकले की परदेशातल्या कुठल्याशा साइटवर खेळता यायचं. पैसे कधी एखाद्या सलूनच्या नावावर जायचे, कधी मेडिकलच्या. कारणाच्या जागी 'पनीर' लिहायचं, अशी भैयाची सूचना होती. चड्ढाजींनी महिनाभरात इतकं पनीर घेतलं की एक दिवस बँकेनं त्यांचं खातंच गोठवलं. सूनबाईंना घेऊन ते बँकेत गेले, आणि ज्या सलूनला त्यांनी पैसे दिले ते तमिळनाडूत का आहे, हे त्यांना सांगता आलं नाही. चड्ढाजींना टक्कल आहे, हे तिथल्या मॅडमच्या लक्षात आधीच आलं होतं.

त्याआधी चड्ढाजींनी काकांनाही भैयाचा रस्ता सुचवला होता. मी बाजूच्या बाकावर होते, म्हणून ऐकलं. म्हणाले, दोन मिनिटांत नवीन आयडी बनवून देतो, तुमच्या नावानं. काका म्हणाले, "मेरे नाम से क्या करना है? मुझे रमी कहाँ आती है." सगळे हसले. मीही हसले.

काकांचा मार्ग वेगळा होता. ते रोज तीनला इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे आणि अकरा रुपये भरायचा प्रयत्न करायचे. बँक नाही म्हणायची. परत भरायचे. परत नाही. मग त्यांनी शाखेत जाऊन अर्ज दिला, की नकाराचं कारण लेखी द्यावं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "अंकल, ऊपर से बंद है." काका म्हणाले, "मैडम, मैं पैंतीस साल ऊपर ही था. ऊपर भी काग़ज़ होता है." त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

हे सगळं बंगळुरूला प्रसाददादाला दिसत होतं. तो काकांचा मुलगा, त्यांचं बँकेचं काम तोच बघतो. वडील एका दुपारी वीस-वीस वेळा पैसे पाठवायला बघतात, हे पाहून तो घाबरला. त्याच्या ऑफिसमधला एकजण अशाच खेळात घर घालवून बसला होता. त्यानं मला मेसेज केला. लिहिलं, बाबांना व्यसन लागलंय, उद्या तेही त्या भैयाकडे जातील. तू वर जातेस ना फोनच्या कामाला? तेवढे उरलेले पैसे काढ आणि ते खातं बंद कर. त्यांना विचारू नकोस, ते फाइल काढतील.

कोणी काही सांगितलं की मला नाही म्हणता येत नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच योग्य वाटलं.

डिसेंबरच्या एका रविवारी दुपारी चिठ्ठी आली: 'फोनचा आवाज गेला आहे.' मी वर गेले. आवाजाचं बटण दाबलं गेलं होतं, एवढंच. काका चहा टाकायला आत गेले. मी ते अ‍ॅप उघडलं. शिल्लक होती त्रेचाळीस रुपये. त्रेचाळीस हा आकडा मी आत्ता आईला विचारून लिहिला आहे, तेव्हा तो माझ्या डोक्यात 'फॉर्टी थ्री' असाच होता. 'पैसे काढा' दाबलं. 'खातं बंद करा' दाबलं. नक्की का, असं विचारलं, तिथंही दाबलं. आतून आलं किसल्याचा आवाज येत होता.

मग स्क्रीनवर हिंदीत अक्षरं आली. मीच मोठी करून दिलेली, म्हणून फार मोठी: 'कुसुम जी, आपका खाता बंद कर दिया गया है. हमें आपकी याद आएगी.'

मी फोन लोकरीच्या पिशवीत घातला. चहा प्यायले. काका म्हणाले, "आवाज आला ना? अ‍ॅज प्रपोज्ड." मी मान हलवली आणि जिन्यानं खाली आले.

तीन दिवस काहीच झालं नाही. चौथ्या दिवशी दाराखालून चिठ्ठी आली. विषय नव्हता, तारीख नव्हती. फक्त 'प्लीज स्पीक', आणि वर माझं नाव.

मी अर्धा तास दाराच्या आत चप्पल घालून उभी होते. मग वर गेले. काका बाल्कनीत बसले होते. तीन वाजले होते, पण शर्टाला इस्त्री नव्हती. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "काका, ते मी केलं."

"माहीत आहे," काका म्हणाले. "किचनच्या काचेत दिसतं सगळं. बस."

मग ते सांगू लागले. रमी काकूंची होती. आर. के. पुरमला हिवाळ्यात क्वार्टरच्या हिरवळीवर उन्हात बायका बसायच्या, तिथं त्या शिकल्या. पुढे गुडघे दुखायला लागले, जाणं-येणं थांबलं, तेव्हा फोनवर. माझ्या आईला वाटायचं काकू दुपारच्या झोपतात. काकांना ते बिल्कुल पसंत नव्हतं. सरकारी माणसाच्या घरात जुगार, म्हणून ते रोज दुपारी बोलायचे, आणि काकू ऐकून न ऐकल्यासारखं करत पत्ते लावायच्या. बहुतेक वेळा जिंकायच्याही. त्या पानिपतवाल्याला तर हमखास हरवायच्या, म्हणून तो गुलाब पाठवायचा.

काकू गेल्यावर काकांनी सगळीकडून नाव काढलं. नियमच आहे, काढावंच लागतं. शेवटचा फॉर्म देऊन ते घरी आले तेव्हा तीन वाजले होते आणि काकूंचा फोन वाजला. 'कुसुम जी, आपकी टेबल तैयार है.'

"सगळ्या ऑफिसांना मी कळवलं होतं," काका म्हणाले. "याला कळवायचं राहिलं. मग म्हटलं, राहू दे. येत नव्हतं तरी बसलो. टेबलावर तिचं नाव दिसायचं ना. मी हरायचो, पण नाव तिचं दिसायचं. तिचं रेकॉर्ड बिघडवलं मी."

मला काहीतरी बोलायचं होतं. मी कस्टमर केअरला लिहीन, असं म्हणाले. खातं परत उघडतं का विचारीन.

काकांनी मान हलवली. "नको. काम नियमानुसार झालेलं आहे. कधीतरी कोणीतरी करणारच होतं. प्रसादनं केलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो." मग त्यांनी खुर्चीखालून एक कागदी पुडी काढली. तीळ-गुळाचं गजक होतं. काकू जिंकल्या की त्या पैशांचं मार्केटमधून गजक आणायच्या, हिवाळा असला तर. "त्रेचाळीस रुपये आले खात्यात. तिचे शेवटचे. दुकानदार म्हणाला त्रेचाळीसचं कसं तोलू, पन्नासचं घ्या. मी म्हटलं, मंजुरी त्रेचाळीसची आहे."

आम्ही गजक खाल्लं. खाली बागेत चड्ढाजी चण्याफुटाण्यांवर रमी खेळत होते, आणि चणे खाऊन टाकल्याबद्दल कोणाशी तरी भांडत होते. काका तिकडे बघत राहिले.

"मी त्या पानिपतवाल्याचा विचार करत होतो," ते म्हणाले. "त्याला काही कळलेलं नाही बघ. त्याला वाटत असणार, सरकारनं पैसे बंद केले म्हणून कुसुमजी येत नाहीत. एरवी त्या घरी ठीक आहेत. दुपारी झोपत असतील." त्यांनी कागदावरचे तीळ बोटानं टिपले. "म्हणजे त्याच्याकडची फाइल चालू आहे."

पानिपत काही लांब नाही, मी म्हणाले. सकाळी बस धरली तर दुपारपर्यंत परत येता येईल. नाव माहीत आहे, शोधू आपण त्यांना. एवढं सलग मी त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते.

काकांनी पुडीचा कागद उलगडला, तळहातानं सपाट केला आणि चिठ्ठ्यांसाठी चौकोनी घडी घालायला लागले.

"नको गं," ते म्हणाले. "गेलो तर सांगावं लागेल."