फिरत्या उताराची हकीकत

श्री विघ्नहर्ता, जो स्वतः पायी न चालता मूषकावर बसोन त्रिभुवन हिंडतो, आणि ज्यास कोणी दाराशी अडवोन "आपण बाहेरच थांबावे" ऐसे म्हणत नाही, त्यास नमन असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, एका राज्यात, ज्याचे नाव लिहिल्यास लिहिणाराचे बरे होणार नाही, जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे.

त्या राज्याच्या दक्षिण सुभ्यात सगुणाबाई निकुंभ म्हणोन भूगोलाच्या शिक्षिका होत्या. वय चाळिशीच्या पुढे, आवाज खणखणीत, स्वभाव मानी. ऐन उमेदीत पाठीच्या कण्यास गाठ होऊन कमरेखालचे अंग गेले, आणि तेव्हापासून चाकाची खुर्ची हेच त्यांचे वाहन जाहले. वर्गात नकाशा टांगोन मुलांस नद्या, घाट, बंदरे, लेणी सर्व शिकविले, परंतु स्वतः त्यांतले एकही ठिकाण पाहिले नाही. एके दिवशी एका मुलीने पुसले, "बाई, तुम्ही समुद्र पाहिलाय?" बाईंनी "नाही" म्हणोन सांगितले, आणि घरी येऊन बहुत वेळ खिडकीशी बसल्या. मग आपली बाळपणची मैत्रीण जरीना तांबोळी, जी बाजारात मालाचा टेंपो चालवीत असे, तीस बोलावोन म्हणाल्या, "जरे, मला मुलूख बघायचाय. नकाशावर बोट फिरवून कंटाळले आता." जरीना बोलली, "मग बस की टेंपोत. खुर्ची मागं बांधते. कांदे सगळीकडं जात्यात, तू का न्हाई जायचीस?" ऐसे बोलणे होऊन उन्हाळी सुटीत दोघींची स्वारी निघाली.

पहिला मुक्काम समुद्रावर जाहला. रस्त्यावरून पाणी दिसत होते, परंतु वाळूपर्यंत दगडी पायऱ्या, आणि खुर्ची उतरेना. तेव्हा जरीनाने बाईंस पाठंगुळी घेतले आणि लाटेपर्यंत नेले. पाणी पायांवरून गेले ते बाईंस कळले नाही, म्हणोन त्यांनी वाकोन दोन्ही हात पाण्यात घातले आणि हसल्या. जरीना दम टाकीत बोलली, "बघ पोटभर. रोज नाही उचलायची मी तुला." पुढे मात्र हसण्याजोगे थोडेच घडले. लॉजवाल्याने खोली वरच्या मजल्यावर दाखविली. संग्रहालयाच्या रखवालदाराने, "तुम्ही इथंच बसा बाई, आत काही विशेष नाही," म्हणोन समजूत काढली. कोठे न्हाणीघराचे दार खुर्चीहून अरुंद, कोठे संडासास उंबरा. मग बाईंनी दिवसभर पाणी पिणेच सोडिले, की लघवीची अडचण नको. त्याने ताप भरला, मूत्राचा विकार जाहला, दवाखान्यात पडावे लागले, आणि त्या दवाखान्याच्या दारातही पायऱ्याच होत्या. तेथे पडल्या पडल्या बाईंनी जरीनाचा मोबाइल हाती घेऊन, कोठे काय नडले, ते सर्व आपल्या शिक्षिकेच्या आवाजात बोलोन त्यात मुद्रित केले. शेवटी म्हणाल्या, "मी दया मागत नाही. जिथं पायरी आहे तिथं शेजारी उतार मागते." ते बोलणे मुलखात पसरले, घरोघरी ऐकिले गेले, आणि राजधानीत दरबारापर्यंत पोहोचले.

दरबारी त्रिंबकराव हसबे म्हणोन सुगमता खात्याचे प्रधान होते. बोलण्यात गोड, मिशीस पीळ, आणि छबी टिपणारे सदैव मागेपुढे. त्यांनी बाईंस सन्मानाने पाचारण केले आणि सर्वांसमक्ष हात जोडोन म्हणाले, "बाईसाहेब, आपण आमचे डोळे उघडलेत. आता आपणच चला. जिथं जिथं आपली खुर्ची जाईल, तिथं तिथं उतार होईल." बाईंस भरून आले. जरीनाने कानाशी लागोन पुसले, "खरं वाटतंय तुला?" बाई बोलल्या, "इतक्या लोकांपुढं कोण खोटं बोलेल?" मग प्रधानांची खासा स्वारी कूच करिती जाहली. पुढे लाल दिव्याच्या गाड्या, मध्ये त्रिंबकराव, त्यांचे मागे जरीनाचा टेंपो. गावोगावी कचेरी, वाचनालय, शाळा यांचे दारी हिरव्या गालिचाचा उतार तयार, वाजंत्री वाजे, फुले पडत, बाई पहिल्याने वर जात आणि त्रिंबकराव खुर्चीस हात लावोन छबी काढवीत. खोटे कशास लिहावे, बाई सुखावल्या. आपल्या बोलण्याने राज्याची दारे उघडत आहेत ऐसे त्यांस वाटले आणि रात्री झोपही चांगली लागो लागली.

ऐसे होता होता स्वारी बोरसर गावी आली. तेथील कचेरी उंच जोत्यावर. त्या गावात शेवंता गुरव म्हणोन एक तरणी बाई होती. लहानपणी पोलिओ होऊन दोन्ही पाय वाळलेले, हातांत चपला घालोन जमिनीवरून सरपटत चाले. शिक्षण उत्तम, परीक्षा उत्तीर्ण, कारकुनीवर हक्काने निवड जाहलेली, परंतु "तुम्ही वर कशा येणार?" म्हणोन तीस कामावर घेतले नव्हते. त्या दिवशी उतार होता. सगुणाबाईंनी प्रधानांस म्हटले, "आता उतार झाला, तेव्हा हिची अडचण उरली नाही." त्रिंबकरावांनी तेथल्या तेथे मामलेदारास फर्माविले, शेवंता उतारावरून स्वतः वर गेली, मेजाशी बसली, आणि सर्व गावाने टाळ्या वाजविल्या. निघताना शेवंताने बाईंचा हात धरोन म्हटले, "बाई, आईला सांगितलं होतं, माझी काळजी करू नको. आज ते खरं झालं." बाईंनी तिच्या गालावरून हात फिरविला आणि स्वारी पुढे गेली.

पुढे आठवडाभराने एका मुक्कामी पुन्हा उतार, पुन्हा वाजंत्री. जरीना खुर्ची ढकलीत होती, ती मध्येच थांबली आणि वाकोन गालिचा पाहो लागली. गालिच्यास एके जागी विडी लागोन भोक पडले होते. हळूच म्हणाली, "सगुणे, हे भोक बोरसरला बी होतं." बाई म्हणाल्या, "एका दुकानचा गालिचा असेल." जरीना बोलली, "दुकान एक असंल. भोक बी एकच व्हय?" मग तिने मागल्या बाजूस जाऊन मांडववाल्याच्या गड्यांस विडी देऊन गोडीने विचारिले, तेव्हा त्यांनी हसत सांगितले की उतार एकच, भाड्याचा, बाईंची स्वारी गावाबाहेर पडली की खिळे उपसोन फळ्या ट्रकात घालितो आणि दुसऱ्या वाटेने पुढे नेतो. जरीनाने येऊन ते सर्व सांगितले. बाईंनी ऐकिले आणि गळ्यातला हार काढोन मांडीवर ठेविला. नंतर इतकेच म्हणाल्या, "टेंपो फिरव. बोरसरला चल."

बोरसरास पोहोचल्या तो पावसाची बुरबुर चालली होती. कचेरीच्या दारी उतार नव्हता, खिळ्यांची भोके तेवढी होती. आणि त्या ओल्या पायऱ्यांवरून शेवंता हातांवर जोर देऊन वर चढत होती. साडी चिखलाने भरलेली, जेवणाचा डबा दातांत धरलेला. येणारे जाणारे तिला वळसा घालोन जात होते. बाईंनी हाक मारिली, तशी ती थांबली, डबा पायरीवर ठेविला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही गेलात आणि तासाभरात काढला. उशीर होतो म्हणून साहेब रोज बोलतात. वर गेलं की पुन्हा संध्याकाळपर्यंत खाली येत नाही मी. पाणीही पीत नाही." हे शेवटचे ऐकोन सगुणाबाईंच्या डोळ्यांस पाणी आले, परंतु शेवंतासमोर त्यांनी ते पुसले नाही की लपविले नाही. तेथूनच प्रधानांस फोन लाविला. त्रिंबकराव म्हणाले, "बाईसाहेब, रागावू नये. राज्य मोठं आहे, एकदम सगळं कसं होईल? आपल्या दौऱ्यानं जनजागृती झाली, हे काय थोडं आहे? लोक जागे झाले की उतार आपोआप येतील." बाई बोलल्या, "शेवंता पहाटे उठून हातांवर चालत कामाला येते. मीही जागी आहे, इथले लोकही जागे आहेत. तुम्ही कोणाला जागं करताय?" तेव्हा तिकडून, "आवाज नीट येत नाही," ऐसे उत्तर आले आणि फोन बंद जाहला.

मग बाईंनी दौरा सोडिला आणि बोरसरातच मुक्काम केला. दुसऱ्या सकाळी शेवंता आली, तिला म्हणाल्या, "आज वर चढायचं नाही. तुझं काम कागदाचं आहे, आणि कागद खाली येतो." जरीनाने टेंपोतली लाकडी पेटी उपडी घालोन मेज केले, वर ताडपत्री बांधिली, आणि शेवंता पायऱ्यांच्या पायथ्याशी कामास बसली. शेजारी बाईंची खुर्ची. लोक दाखले घेण्यास येत ते तेथेच थांबत, आणि काम लवकर उरकोन जात. हळूहळू कुबडीवाला एक म्हातारा आला, पांगळ्या लेकराची आई आली, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या आल्या, ज्यांनी वर जाणे कधीचेच सोडिले होते. कोणी चहा आणी, कोणी बसण्यास पोते देई. त्या थोड्या दिवसांत शेवंता पहिल्याने दुपारी पोटभर पाणी पिऊ लागली. परंतु मामलेदारसाहेब वरून पाहत होते, त्यांस हे सोसवेना. त्यांनी खाली निरोप धाडिला की हा तमाशा बंद करावा. बाईंनी उलट निरोप दिला की उतार बांधावा, आम्ही त्याच दिवशी उठू. मग शिपाई आले, ताडपत्री फाडिली, पेटी उचलोन नेली, आणि सगुणाबाई व शेवंता यांजवर खटला भरिला. आरोप ऐसा की, यांनी सरकारी कचेरीची जाण्यायेण्याची वाट अडविली. जरीनाने ते ऐकिले आणि रस्त्यात उभी राहोन इतकी हसली की अखेर तिला रडू आले.

खटल्याची सुनावणी जिल्ह्याच्या न्यायसभेत होती. न्यायसभा वरच्या मजल्यावर, जिना वळणाचा आणि अरुंद. दोघी सकाळपासून जिन्याखाली येऊन बसल्या. जरीना वर जाऊन म्हणाली, "त्या खाली हाईत साहेब, कुणीतरी खाली या, न्हाईतर त्यांना वर घ्यायची सोय करा." तीस पुसले, "तू वकील आहेस काय?" ती बोलली, "टेंपो चालवते." तेव्हा तीस बाहेर काढिले. मग पुकारा जाहला, "सगुणा निकुंभ, हाजिर हो!" बाईंनी खालून खणखणीत आवाजात उत्तर दिले, "हजर आहे!" पुन्हा पुकारा, "शेवंता गुरव, हाजिर हो!" शेवंता ओरडोन बोलली, "हजर आहे, खाली आहे!" जिन्यात तो आवाज घुमला. तीन वेळ पुकारा जाहला आणि तीन वेळ उत्तर गेले, तिसऱ्या खेपेस शेवंताचा गळा बसला. काही वेळाने पट्टेवाला जिना उतरोन आला आणि खाली मान घालोन निकाल सांगो लागला, की आरोपी सूचना असोनही गैरहजर राहिल्या, सबब आरोप शाबीत, शेवंता गुरव हिची नोकरी रद्द, आणि दोघींस बोरसर कचेरीचे आवारात येण्यास मनाई. सगुणाबाईंनी ऐकोन घेतले आणि पुसले, "दादा, आम्ही इथं होतो हे वर कुणाला माहीत नव्हतं का?" पट्टेवाला बोलला, "होतं बाई. खिडकीतून दिसत होता तुम्ही. न्यायाधीशसाहेबांनी वाकून पाहिलं एकदा." शेवंताने हातांत चपला घातल्या आणि दोघी जरीनाच्या मागून बाहेर पडल्या.

येणेप्रमाणे क्रोधी संवत्सराची हकीकत जाहली. त्या वर्षी हे राज्य सुगम राज्य म्हणोन जाहीर जाहले आणि मानाची ढाल त्रिंबकरावांनी व्यासपीठाच्या पायऱ्या चढोन स्वीकारिली. शेवंता गुरव घरी आहे. सगुणाबाई शाळेत भूगोल शिकवितात. बोरसरच्या कचेरीस यंदा नवा रंग दिला, पायऱ्यांसही दिला.