कसाव्याची खळ

सासूबाईंनी मागच्या खोलीत पोतं असं आदळलं की पुढच्या खोलीतल्या लाँड्रीवाल्याच्या इस्त्रीतले निखारे हलले.

"काय आणलंत आई? जळण?"

"जळण कसलं, जावईबापू! कसावा आहे, साबुदाणा करतात तो कंद. आज सकाळी उपटला."

लाँड्रीवाल्याने पोत्यात डोकावून पाहिलं. मनगटाएवढी जाड, मातीने माखलेली, सालीवरून अगदी लाकडासारखी दिसणारी मुळं. सासूबाईंच्या परसात कुंपणालगत या झाडांची रांग होती. माणसापेक्षा उंच, बोटं फाकलेल्या पंजासारखी पानं. कांडी खुपसली की झाड येतं, कोणी लक्ष दिलं नाही तरी रुसत नाही, आणि खाली गुपचूप असा ऐवज जमवून ठेवतं. सासूबाईंच्या घरात तीन पिढ्यांची पोटं या मुळांवर भरली होती आणि त्या हे प्रत्येक भेटीत सांगत.

"एवढा खाणार कोण गं आई?" बायको म्हणाली. "आणि पोतंभर कशाला उपटायचा?"

"अगं, जमिनीत असतो तोवर वर्षभर गप पडून राहतो. पण एकदा बाहेर काढला की दोन दिवसांत काळा पडतो. आजच्या आज हातावेगळा करायला हवा."

लाँड्रीवाल्याचं मात्र लक्ष नव्हतं. खुंटीवर नगरपालिकेच्या अध्यक्षांचा पांढरा शर्ट आणि पांढरी पँट लटकत होती, आणि खळीचा डबा रिकामा होता. बाजार बंद. संध्याकाळी बाजाराच्या टोकाला नव्या सार्वजनिक शौचालयाचं उद्घाटन होतं आणि अध्यक्षांनी स्वतः दुकानात येऊन बजावलं होतं, "शर्ट असा उभा राहिला पाहिजे, की आत मी नसलो तरी लोकांनी उठून नमस्कार करावा. शर्ट आधी, तुझ्या दुकानाची परवानगी नंतर."

दुकान नगरपालिकेच्या जागेत होतं. परवानगीची मुदत संपली होती आणि नव्या अर्जावर सही फक्त याच माणसाची लागत होती. या सहीच्या आशेवर अध्यक्षांचे, त्यांच्या मुलांचे, मेव्हण्याचे कपडे आणि मेव्हण्याच्या घरातले पडदे लाँड्रीवाला फुकट धूत आला होता. फुकट इस्त्री करून घेणाऱ्याला आपल्याकडे लोकप्रतिनिधी म्हणतात. पैसे मागणाऱ्याला अतिक्रमण म्हणतात.

"खळ संपली, आई. मी संपलो," लाँड्रीवाला म्हणाला.

सासूबाई हसल्या. "खळीवर बसून खळ शोधताय? अहो, कसाव्याच्या पिठासारखी खळ जगात नाही. आणा किसणी!"

मग तिघं कामाला लागली. साल काढली, आतला दुधासारखा पांढरा गर किसला, पाण्यात कालवून फडक्यातून पिळला. पांढरं पाणी घमेल्यात निवांत ठेवलं, तसं पीठ तळाशी बसलं. वरचं पाणी सासूबाईंनी गटारात ओतलं. "हे पोटात जाता कामा नये. या जातीचा रस कडू, वाईट असतो." पुन्हा पाणी घातलं, पुन्हा ओतलं. शेवटी खाली गुळगुळीत पांढरा थर उरला.

"अर्ध्याची खळ, अर्ध्याची आपल्याला गोड पेज," सासूबाईंनी जाहीर केलं.

चुलीवर दोन पातेली चढली. लाँड्रीवाल्याच्या घरात सगळी पातेली एकाच मापाची, कारण सगळी खळीसाठीच घेतलेली. दोन्हींत पीठ शिजून काचेसारखं पारदर्शक झालं. पेजेवर दूध वाढताना घालायचं होतं, त्यामुळे रंगातही फरक नाही. एका पातेल्यात सासूबाईंनी मूठमूठ साखर घातली, ती विरघळली, आणि त्या हात धुवायला नळावर गेल्या. बायको दूध आणायला गेली. लाँड्रीवाला आत आला, दाराजवळचं पातेलं उचललं आणि बादलीत पाण्यात कालवून अध्यक्षांचे कपडे त्यात बुचकळले. खळ चाखून कोण बघतो?

कपडे उन्हात पडल्या पडल्या कडक झाले. इस्त्री मात्र चिकटू लागली. "नवी खळ, नवे नखरे," म्हणत त्याने ती ओल्या फडक्याने पुसली. घरभर खमंग वास सुटला. सासूबाई काहीतरी भाजत असतील असं त्याला वाटलं. पण शर्ट! असला तकतकीत शर्ट त्याच्या हातून कधी उतरला नव्हता. टेबलावर ठेवला तर तो आडवा होईना. जिवंत माणसासारखा ताठ बसून राहिला. अध्यक्षांचा ड्रायव्हर आला, शर्टाकडे आदराने पाहून म्हणाला, "वा! साहेबांपेक्षा भारदस्त दिसतोय," आणि घेऊन गेला.

मग कुठे संध्याकाळी घरातली पेज खायला बसली. वाट्यांत पेज पडली, वर दूध पडलं. पहिला घास बायकोने घेतला.

"आई, साखर राहिली."

"राहील कशी? चांगल्या मुठी भरभरून घातलीय."

"मग गेली कुठे?"

लाँड्रीवाल्याने एक घास घेतला. त्याची चमचा धरलेली बोटं थांबली. त्याने मोरीकडे पाहिलं. खळीच्या रिकाम्या पातेल्याच्या काठावर मुंग्यांची रांग लागली होती.

"अहो, असं काय तोंड करून बसलात?"

"अध्यक्ष," एवढंच तो म्हणाला.

"अध्यक्षांनी साखर नेली?"

"नेली. अंगावर घालून नेली!"

तो हात न धुताच पळत सुटला. मागून बायको आणि तिच्या मागून सासूबाई, "अहो जावईबापू, चप्पल तरी!" असं ओरडत.

शौचालयासमोर मंडप भरला होता. अध्यक्ष माइकपुढे उभे होते, शर्ट उतरत्या उन्हात आरशासारखा चमकत होता, आणि विषय होता स्वच्छता. मंडपाच्या मागे कचऱ्याचा जुना ढीग होता. ढीग उचलायचा विसरून शेजारीच शौचालय बांधण्याची कल्पना अध्यक्षांची. आता त्या ढिगावरच्या माश्यांनी ढीग सोडला होता आणि अध्यक्ष धरले होते.

"आपल्या शहरात," अध्यक्ष गरजले, "घाणीला थारा नाही!"

एक माशी नाकावर बसली. पाच खांद्यावर. मुंग्या टेबलावरून बाहीत शिरल्या.

"माश्यांना बरोबर कळतं बाई!" मागून कोणीतरी म्हणालं. मंडप हसला.

खुर्चीत बसलेले उपाध्यक्ष चटकन उठले. "साहेबांचं भाषण ऐकायला माश्यासुद्धा आल्यात! धन्य!" मंडप आणखी हसला.

लाँड्रीवाला वाकून स्टेजवर चढला आणि कानाशी लागला. "साहेब, शर्ट काढा."

"काय?"

"आत्ता काढा. साखर आहे त्यात."

"डोकं फिरलंय का तुझं? पूस काहीतरी!"

लाँड्रीवाल्याने टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्यात रुमाल बुडवून खांदा पुसला. तिथेच चुकलं. कडक होती तोवर खळ बरी होती. पाणी लागताच तिचा डिंक झाला. रुमाल खांद्याला चिकटला. उद्घाटनाची फीत कोपराला चिकटली. अध्यक्षांनी हात झटकला तर भाषणाचा कागदही मनगटावर येऊन बसला. लोक खुर्च्यांवर उभे राहून बघू लागले.

"दोन मिनिटं विश्रांती!" अध्यक्ष ओरडले आणि लाँड्रीवाल्याची मानगूट धरून नव्या शौचालयात शिरले. उद्घाटन असं झालं.

आत त्यांनी नळ सोडला. नळातून हवासुद्धा आली नाही. जोडणी करायची राहिली होती.

"मेल्या, लोक म्हणतायत की माश्यांना मी घाण वाटतो! निवडणूक तोंडावर आलीय. बाहेर जा आणि माइकवर सांग, की चूक तुझी आहे."

दुकान गेलं, हे लाँड्रीवाल्याने मनाशी धरलंच होतं. पण जे गेलंच आहे त्याची भीती किती वेळ बाळगणार? त्याने खिशातून घडी पडून पडून फाटायला आलेला अर्ज काढला.

"सांगतो साहेब. आधी सही."

"मला अडवतोस?"

"छे छे. तुम्हीच म्हणालात, शर्ट आधी, परवानगी नंतर. शर्ट तर झाला."

अध्यक्षांनी दारावर कागद टेकवून सही केली. कागद बाहीला चिकटला, तो दोघांनी मिळून अलगद सोडवला.

लाँड्रीवाला माइकपुढे उभा राहिला. "लोकहो, खरं सांगतो. साहेबांच्या शर्टाला मी खळीऐवजी साखरेची पेज लावली. कसाव्याची. म्हणून माश्या आल्या. साहेबांचा काही दोष नाही."

मग एक बाई हळहळली, "बिचाऱ्याला आत नेऊन दम दिला गं!"

"काय काय बोलायला लावतात गरिबाला!"

"कसाव्याची पेज म्हणे! निदान पटेल असं तरी पढवायचं!"

अध्यक्षांनी आयुष्यात पहिल्यांदाच जनतेसमोर कोणाला खरं बोलायला लावलं होतं, आणि नेमकं तेच कोणाला पटेना.

हे ऐकून सासूबाईंचं टाळकं सरकलं. पदर खोचून त्या स्टेजवर चढल्या. "माझी पेज खोटी? माझा कसावा खोटा? अरे, मुठीने साखर घातलीय मी! विश्वास नसेल तर या, बाही चाटून बघा!" आणि त्यांनी अध्यक्षांचा हात धरून लोकांपुढे केला.

कोणी हललं नाही. अध्यक्ष घामाने निथळत, हात पुढे करून उभे. शेवटी उपाध्यक्ष पुढे झाले. माश्या हाकलल्या, डोळे मिटले आणि मनगटापासून कोपरापर्यंत बाही चाटली.

"गोड!" ते माइकमध्ये ओरडले. "शपथेवर सांगतो, साहेब गोड आहेत!"

मंडपात हास्याचा एकच स्फोट झाला. मागून कोणीतरी म्हणालं,

"तो काय, कडू म्हणणार होता?"