फागी उन्हावर गाते

"माझ्या करिष्माच्या लग्नात माझी आय गाणार!" असं जगनने उभ्या पाड्याला सांगून टाकलं, तेव्हा ऐकणारे एकमेकांकडे बघू लागले. जगनची आय फागी जाऊन दोन वर्षं झाली होती. तिला खांदा देणारे दोघे तर तिथेच बसले होते!

पण जगन शुद्धीवर होता. फागी होती धवलेरी, म्हणजे पिठाने काढलेल्या लग्नाच्या चौकापुढे बसून गाणी म्हणत लग्न लावणारी बाई. ती गायली नाही तर सूर्यमाळच्या त्या पाड्यावर लग्न लागलं असं कोणी मानतच नसे. जाताना तिने नातीचा हात घट्ट धरून सांगितलं होतं, "तुजा लगीन मीच लावीन. दुसरीला बसू देव नको." आता जाणारं माणूस असं बोलून गेलं की मागच्यांची पंचाईत! नशिबाने एका मास्तरांनी तिची गाणी कॅसेटवर भरून ठेवली होती, आणि घरात जुना टेपही होता. नव्हती ती फक्त वीज. डीपी जळून महिना उलटला होता, आणि दुरुस्तीला येणारा माणूस रोज उद्या येणार होता.

"मोखाड्याच्या बाजारातून सेल आण ना," जगनची बायको येसू म्हणाली.

"सेल? अगं, डोक्यावर एवढा मोठा सेल फुकट तापतोय! मी सोलर बनवतो."

सोलरमधलं जगनचं शिक्षण एवढंच, की ठाण्याकडच्या एका साइटवर त्याने चार दिवस काचा उचलल्या होत्या. पाचव्या दिवशी एक हातातून सुटली आणि शिक्षण संपलं. पण उत्साह दांडगा! भंगारातून त्याने टवके उडालेल्या निळ्या चकत्या आणल्या. एका पडक्या खिडकीची काच काढली. चुलीत सळई लालबुंद करून जिथे जागा दिसली तिथे तारा डागल्या. आणि मग फर्मान काढलं, की लग्न भर दुपारी लागणार.

"आपल्यात लगीन रातचा लागतो रे!" म्हातारा धोंडी कळवळून म्हणाला.

"रात्री सूर्य तू धरून ठेवणार का?" जगन म्हणाला.

येसूच्या मनात मात्र वेगळाच घोर होता. करिष्मा जव्हारला नर्सिंग शिकत होती, एकच वर्ष उरलं होतं. "शिकू देणार असाल तरच," असं तिने सोयरिकीच्या वेळीच बजावलं होतं. साखरशेतचे व्याही ढवळू लगेच म्हणाले होते, "शिकवू की! आमची लेकच ती!" मुलगा करण भला होता. पण ढवळू फार गोड बोलायचे, आणि गोड बोलणाऱ्याचं येसूला नेहमीच भय वाटायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी चाचणी झाली. फागीच्या लुगड्यात टेप अर्धा गुंडाळून तिच्या जागी, भिंतीशी ठेवला होता. बाहेर अंगणात सोलर. जगनने बटण दाबलं. टेप मुका! तार हलवली, काच पुसली, सूर्याला हात जोडले. काही नाही. शेवटी वैतागून तो झऱ्यावर अंघोळीला गेला.

परत आला तर घरातून फागीचा आवाज येत होता!

तोच खरखरीत, जरा नाकातला आवाज. घरात दुसरं कोणी दिसेना. जगनच्या अंगावर सर्रकन काटा आला. ओल्या टॉवेलावर तो थेट मोहाच्या झाडापर्यंत पळाला. तिथे त्याला आठवलं, की हा तर आपलाच शोध! मग तो छाती काढून परत आला, तोवर येसू दारात आली होती. "बघितलंस? ऊन चढलं आणि चालू!"

"बघितलं," येसू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. दाराच्या बाजूला, मांडवाच्या मेढीला टेकवून सोलर उभा. आत तांदळाच्या पिठाचा चौक काढलेला, आणि चौकापुढे लुगड्यातून गाणारी फागी! बायकांनी पदर डोक्यावर ओढले. एकीने घाबरत घाबरत लुगड्यापुढे पाण्याचा तांब्याही ठेवला. मधेच एक बकरी येऊन सोलरपुढे आडवी उभी राहिली, पण गाणं हललं नाही. "बकरीची सावली पातळ असते," जगनने लोकांना समजावलं.

मग वऱ्हाड आलं. पुढे रुंद छातीचे ढवळू, मागे करण. टेपवर व्याह्याला दारात घ्यायचं गाणं लागलं होतं. ढवळू सोलरपुढे येऊन उभे राहिले, आणि फागी म्हणाली,

"सोयरा आला दारी, काय आणलंस..."

आवाज तुटला.

पानही हलेना. ढवळू दचकून मागे सरले. "...पदरी," फागीने ओळ पुरी केली आणि पुन्हा तीच ओळ घेतली. ढवळूंनी हसून पाऊल पुढे टाकलं.

"सोयरा आला दारी, काय आणलंस..."

पुन्हा शांत!

जगन हळूच सांगू लागला, "सावली हो, सावली पडते..." येसूने त्याच्या दंडाला चिमटा काढला. "गप. ऐकू दे."

ढवळूंच्या कपाळावर घाम फुटला. "फागीआय, लुगडं नवं सांगितलं, पण एकदा नेसलेलं हाय," ते म्हणाले.

टेप गप्प.

"कोंबडा पण शेजाऱ्याचा हाय. सांगून आणलेला नाय."

टेप गप्प. गर्दीतून शेजाऱ्याने "आँ!" केलं. कुत्रंसुद्धा शेपूट पोटात घालून मांडवाबाहेर गेलं. ढवळूंना मागे जायचं होतं, पण पाय उचलेनात. त्यांची नजर लुगड्यावर खिळली होती. लुगड्याचा पदर वाऱ्याने हलत होता. वारा कुठे होता, ते मात्र कोणाला सांगता येईना!

"सांगतो!" ढवळू ओरडले. "वीटभट्टीच्या ठेकेदाराला कामाला नवरा-बायकोच्या जोडीचं नाव देऊन बसलोय! करण आनि करिष्मा! मंगळवारी न्यायला टेम्पो येणार हाय!"

करिष्माच्या हातातली माळ खाली पडली. करण बापाच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "बा, मना इचारलं पण नाय? मी भट्टीवर जात नाय. आनि ही जव्हारला जाईल, मी सोडायला जाईन!"

"काढतो नावं! आजच काढतो! फागीआय, माफ कर!"

"...पदरी," फागी म्हणाली, आणि सुरात पुढे गाऊ लागली.

बायका रडत होत्या. धोंडी लुगड्यापुढे आडवा पडला होता. फक्त जगन सोलरकडे टक लावून बघत होता. ढवळू जागचे हलले नव्हते. त्यांची सावली काचेवर होती तशीच होती! "सूर्य सरकला असेल," असं त्याने स्वतःला सांगितलं.

लग्न लागलं. संध्याकाळपर्यंत जगनला आकाश ठेंगणं झालं होतं. तीन पाड्यांवरून सोलरची मागणी आली, आणि त्याने सगळ्यांना होकार दिला.

उन्हं डोंगराआड गेल्यावर तो टेप उचलायला आत गेला. लुगडं बाजूला केलं तर तारेची पिन जमिनीवर सुटी पडलेली.

"येसू, ही पिन कधी निघाली?"

"कालच काढली. तू अंघोळीला गेलास तेव्हा. तुजा सोलर एक सबुद बोलंना. मी बाजारातून सेल आणून ठेवले होते, ते घातले मागे."

जगन मटकन खाली बसला. बकरी आठवली. सावली आठवली.

"मग... ढवळू उभा राहिला, तवा आय गप का झाली?"

येसू तांब्याकडे बघत होती. दुपारी काठोकाठ भरलेला तांब्या रिकामा होता.

"ते तू तुज्या आयला इचार," ती म्हणाली.

जगनने टेप अलगद लुगड्यात गुंडाळला आणि त्याच्या पाया पडला. मग दारात कोणी नाही ना हे बघून येसूच्याही पडला. सोलर सध्या कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून आहे. तिथे तो उत्तम काम करतो!