चौथ्या मजल्यावरचं तळं

बर्फ घातलेली कॉफी समोर आली की सबनीसकाका ती पीत नाहीत, तिच्यावर व्याख्यान देतात. "बघा, बर्फ तरंगतोय. म्हणून मासे जगतात!" सिंगापूरच्या बेडोक भागात खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर आहे, तिथल्या कॉफीवाल्यानं एकदा वैतागून विचारलं, "अंकल, यू वॉन्ट कोपी ऑर फिश सूप?"

काका आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर एकटे राहतात. बँकेतून निवृत्त. उभा जन्म पुण्यात आणि सिंगापूरमध्ये गेला, त्यामुळे कडाक्याची थंडी त्यांनी सोसली ती फक्त ऑफिसच्या एसीची. पण थंड देशांतल्या तळ्यांबद्दल असे बोलतात, जणू कालच तिथं डुबकी मारून आलेत. "वरचं पाणी खाली गेलंच पाहिजे!" हे त्यांचं पालुपद. लिफ्टमध्ये, गणपतीच्या आरतीनंतर, कुठेही.

मला याची गंमत वाटायची. माझी मुलगी इरा त्यांच्या नादी लागली आणि गंमत संपली. मी गोष्ट सांगायला बसलो की "लेटर लाह, बाबा." काकांकडे मात्र तासन्‌तास. एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, थंडी सुरू झाली की वरचं पाणी गार होतं, जड होतं, खाली बुडतं. जाताना ऑक्सिजन घेऊन जातं. सगळं तळं चार डिग्रीला आलं ना, की त्याहून गार पाणी हलकं होतं. ते वरच राहतं आणि त्याचा बर्फ होतो. मासे खाली सेफ!"

आणि हे सगळं मराठीत! माझ्याशी हिला एक धड वाक्य मराठीत बोलवत नाही.

"आमटी गार होतेय, जेव," मी म्हटलं. जळत होतो नुसता.

परवा रविवारी सकाळी ठरवूनच त्यांच्याकडे गेलो. हे आता बंद करायचं. दार उघडंच होतं. काकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता, शेजारी इरा.

"मीनू, तळं गोठलं का गं?"

"हो, बाबा. काठाकाठानं."

"त्याआधी पाणी नीट खालीवर झालं ना?"

"झालं. बाबा, मला निघायचंय. पुढच्या रविवारी बोलू?"

फोन बंद झाला. काकांनी मला पाहिलं.

"माझी मुलगी. कॅनडात माशांवर संशोधन करते," ते म्हणाले. "तिची आई होती तेव्हा दोघी तासभर बोलायच्या. मी नुसता आवाज ऐकायचो. ती गेली, आणि पहिल्या फोनला मीनू 'हॅलो' म्हणाली, मी 'हॅलो' म्हणालो, पुढे दोघांनाही काही सुचेना. मग म्हटलं, तिचा विषय तरी शिकावा."

"आज लवकर ठेवला तिनं," इरा म्हणाली.

"तिकडे थंडी फार आहे गं," काका म्हणाले.

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.

"काका, पुढच्या रविवारी काय विचारणार तिला?"

काकांनी इराकडे पाहिलं. मग आम्ही तिघं विचार करायला लागलो.