खड्ड्याला पाणी घालणारे वसंतकाका

सोलापुरात उन्हाळ्यात नळाला पाणी येतं ते त्याला लहर आली तर. भाजी धुतलेलं पाणीसुद्धा आम्ही कुंड्यांसाठी जपून ठेवतो. आणि आमच्या बिल्डिंगमधले वसंतकाका रोज सकाळी भरलेली बादली घेऊन जिना उतरतात आणि मीटरच्या खोलीमागच्या खड्ड्यात ओतून येतात. त्या खड्ड्यात झाड नाही, तुळस नाही, साधं गवतही नाही.

"अर्थिंगचा खड्डा हाय, वहिनी. माती वाळली की करंट जाणार कुटं? तुमच्या अंगातनंच की!"

काका मूळचे सांगोल्याचे, शाळेत क्लार्क होते. विजेचं शिक्षण शून्य, पण खिशात पेनाच्या जागी टेस्टर. कुणाकडे चहाला गेले की आधी फ्रिजला उलटा हात, मग वॉशिंग मशीनला, मग चहा. एका साखरपुड्यात त्यांनी स्टेजवरच्या पंख्याला असाच हात लावला, तेव्हा मुलाकडची मंडळी त्यांना मांडववाला समजून खुर्च्या मागायला लागली.

उलटाच हात का, तर म्हणे, "करंट बसला की सुलटा हात धरून बसतो. उलटा सुटतो."

मी त्यांची यथेच्छ थट्टा करायची. बादली घेऊन निघाले की गॅलरीतून ओरडायची, "खड्ड्याला माझाही नमस्कार सांगा!"

मग माझी मेधा बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना, आणि सोबत ऑफिसचा चकचकीत धातूचा लॅपटॉप. दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "आई, चार्जिंगला लावला की ह्याला हात लावल्यावर मुंग्या येतात गं."

मी घरगुती उपाय केले. पायाखाली पाट, पायात रबरी चप्पल, मनगटाखाली चादरीची घडी. सोलापुरात चादरींना तोटा नाही. पण एका दुपारी तिचं कोपर लॅपटॉपला टेकलं आणि "आई गं!" म्हणत तिनं पोट धरलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळ छान आहे म्हणाल्या, पण घरचं वायरिंग बघून घ्यायला सांगितलं.

खबर लागताच काका टेस्टर घेऊन हजर. त्यांनी आधी मेधाला जोडवी काढायला लावली. ती कशासाठी, हे देवालाच ठाऊक. मग लॅपटॉपला उलटा हात लावला आणि प्लग उपसून डोळ्यांजवळ नेला.

"ह्याची तिसरी पिन कुटाय?"

"आमच्या बोर्डाला दोनच भोकं ना. घुसेना, म्हणून ह्यांनी पक्कडीनं उपटली," मी नवऱ्याचं कौतुक सांगावं तसं सांगितलं.

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. "वहिनी, ती पिन म्हंजे घरातलं म्हातारं माणूस. काम करताना दिसत न्हाय, म्हणून तुमी घराबाहेर काढलं व्हय?"

संध्याकाळपर्यंत इलेक्ट्रिशियननं नवा बोर्ड, तीन पिनांचा प्लग आणि थेट त्या खड्ड्यापर्यंत जाणारी हिरवी वायर टाकली. मेधानं भीत भीत लॅपटॉपवर बोट टेकवलं, मग दोन्ही तळवे. "काहीच नाही गं आई!" मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच पाटावर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी गरम धपाटी घेऊन काकांकडे गेले. काकूंना मागे अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, काठी टेकत हळूहळू चालतात. दार उघडंच होतं. काका बेसिनच्या नळाला, गीझरच्या पाइपला, बाजूच्या वॉशिंग मशीनला हात लावत होते आणि काकू मागे रांगेत असल्यासारख्या उभ्या होत्या.

मी हसले. "काका, अहो, तुमचं अर्थिंग तर झकास आहे की! स्वतःच्या घरात तरी कशाला?"

"हिच्या डाव्या हाताला कायबी कळत न्हाय, वहिनी," काका वळून हळूच म्हणाले. "मुंग्या आल्या तरी सांगणार कोण? म्हणून आदी मी."

"लग्नाच्या फेऱ्यातबी हेच पुढं हुते," काकू म्हणाल्या.

काकांनी नळ सोडला, काकूंचा डावा हात उचलून धारेखाली धरला आणि बोटं एकेक करून धुवायला लागले. काकू त्या हाताकडे बघत होत्या.

"पाणी कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"कोमट हाय," काका म्हणाले. "तुला आवडतं तसं."