जेवणानंतरचा वक्ता

चर्चासत्रात पाहुण्यांचा परिचय सुरू झाला की आमचे रामटेके सर खिशातून कापूस काढून दोन्ही कानांत घालतात. परिचय बहुधा मीच करून देते, त्यामुळे माझ्या मेहनतीचं काय होतं ते सांगायला नको.

"राग नका मानू मॅडम," ते म्हणतात, "पण परिचय ऐकला का मंग मानूस ऐकू येत नाई."

सर बल्लारपूरला आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांच्या मते विद्वानाचं नशीब पंचविशीतच ठरतं. एकाला मोठ्या शहरात सुवर्णपदक मिळतं. पदकामुळे अनुदान, अनुदानामुळे परदेश, परदेशामुळे पुन्हा पदक. दुसरा तेवढंच काम सिरोंच्यात करतो आणि सिरोंचा कुठे आहे हे सांगण्यात त्याचा वेळ जातो. "एकदा नाव झालं का नावच काम करते, मानूस झोपते."

यंदा सरांची विद्यार्थिनी सुजाता निबंध वाचणार होती. सिरोंच्याची पोर, गोदावरीकाठच्या गवतांवर राबलेली. तिला पीएच.डी.साठी मार्गदर्शक हवा होता. पण रिवाज असा, की मोठी नावं सकाळी आणि आमची पोरं जेवणानंतर. मार्गदर्शक मंडळी तर पुरी-भाजी आटोपली की गाड्या काढतात.

संयोजक सरच होते. त्यांनी सरळ क्रम उलटा केला. प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, नागपूरचे पाहुणे जेवणानंतर? काय म्हणतील ते?"

"जे म्हणायचं ते म्हणतीन. आमची पोरं इतके वर्स भिंतीसंग बोलून राह्यली, तवा काऊन नाई विचारलं कोनी?"

सुजाता आधी चाचरली, मग अशी बोलली की दोघा मार्गदर्शकांनी तिचा फोन नंबर मागून घेतला. मला इतका आनंद झाला, की पाहुण्यांची फजिती बघायला मी जेवणानंतर मुद्दाम सभागृहात गेले.

पाहुणे रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलत होते. पहिल्या रांगेत एकटे रामटेके सर, पुढे झुकून ऐकत. शेवटी त्यांनी प्रश्न विचारला, त्यावर आणखी एक विचारला. पाहुण्यांचा पडलेला चेहरा हळूहळू खुलला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "तुम्हीच त्यांना मागे ढकललं आणि तुम्हीच ऐकत बसलात?"

"मंग कोन बसन? माह्या पहिल्या पेपराले एकच मानूस होता, खुर्च्या उचलणारा. तो बी माहं कधी संपते म्हणून थांबला होता. तवापासून जेवणानंतरचं कोनाचंच भाषण मी सोडलं नाई."

सर परत आत गेले. अजून एक मोठं नाव बोलायचं बाकी होतं.